समुद्राचा सातबारा

रिठद, ता. रिसोड
२२ नोव्हेंबर २०२४

चि. ज्योत्स्नास काकाचे आशीर्वाद, तक्रारीसकट.

तुझं पत्र मिळालं. पत्रासोबत वाळूही मिळाली. पाकीट खाटेवर बसून फोडलं ही माझी चूक. पण समुद्रावर बसून लिहिलं ही तुझी. आज चौथा दिवस. मी गादी झटकतो, तुझी काकी चादर धुते, तरी अरबी समुद्र माझ्या पाठीले टोचून राह्यला. पंचावन्न वर्षं काळ्या मातीत काढली. ती पायाला चिकटली, चपलेसकट घरात आली, पण तिनं माझी झोप कधी मोडली नाही. याची नोंद व्हावी.

आता मुद्द्याचं. तू लिहितेस की अंकुर तुझ्याच शाळेत मास्तर आहे, सुपारीही खात नाही, आणि त्याच्या वडिलांची स्वतःची होडी आहे. मुलगा चांगलाच असेल, तुझी पारख मी जाणतो. पण माझा भाऊ गेल्यापासून तुझ्या लग्नाचा होकार-नकार माझ्या गळ्यात आहे, आणि त्याची आपल्या घरची एक रीत आहे. पहिली गोष्ट, सोयरिकीचं बोलणं कागदावर. फोनवर माणूस हो म्हणतो आणि पुढच्या महिन्यात रेंज नव्हती म्हणतो. दुसरी गोष्ट, शेत पाहिल्याशिवाय पोरगी द्यायची नाही. तुझे आजोबा तुझ्या आत्यासाठी इंझोरीला गेले तेव्हा पाहुण्यांचं वावर चारी धुऱ्यांनी, बांधाबांधानं पावलं मोजत अनवाणी चालले, मूठभर माती हुंगली, विहिरीत खडा टाकून पाण्याचा आवाज ऐकला, आणि मगच त्यांच्या घरी चहा घेतला. पाऊल मोजायचं तर चप्पल काढावी लागते. चपलेचं पाऊल खोटं निघतं.

तेव्हा कळव, त्यांचं वावर किती? होडी ही माझ्या मते बैलगाडीत मोडते. बैलगाडी पाहून कोणी पोरगी देत नाही. तुझा जगदेवकाका तर पारावर बसून विचारतो, की पोरीले खाऱ्या पाण्यात कायले टाकता. मी त्याला गप्प केलं आणि हे पत्र लिहायला बसलो.

लोभ असावा, वाळू नसावी.

तुझा काका,
भगवंतराव


सावळेबंदर, जि. सिंधुदुर्ग
२ डिसेंबर २०२४

ती. काकांस ज्योत्स्नाचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र वर्गात बसून लिहिलं आहे. पाकीट बेलाशक गादीवर फोडा.

तुम्ही वावर विचारलंत, म्हणून आधी भूगोल सांगते, तोच मला पगारी शिकवावा लागतो. आमचा जिल्हा खांद्यावरून घसरलेल्या उपरण्यासारखा, उभा आणि अरुंद. एका काठाला सह्याद्री, दुसऱ्या काठाला समुद्र, आणि मधल्या जागेत सगळे जण चढतात नाहीतर उतरतात. सपाट म्हणून काही नाही. माती तांबडी. पहिल्याच महिन्यात माझ्या पांढऱ्या ओढण्या विटकरी झाल्या.

इतिहास थोडक्यात असा, की खाडीच्या तोंडावर किल्ला आहे, किल्ल्याचा एक बुरूज पडलेला आहे, आणि तो कुणी पाडला यावर दोन वाड्यांचं अजून पटत नाही. मी एकदा अभिमानानं सांगितलं की आमच्या वाशिमला वाकाटकांची राजधानी होती. एका आजोबांनी विचारलं, बंदर होतं का? नव्हतं म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडं फार दयेनं पाहिलं.

आता माणसं. आपल्याकडं पाहुणा नको नको म्हणतो आणि आपण वाढत जातो. इथं एकदा नको म्हटलं की खरंच वाढत नाहीत. पहिले आठ दिवस मी प्रत्येक घरातून अर्धपोटी उठले. पण मला ताप आला तेव्हा रोज सकाळी ओट्यावर शहाळं असायचं, आणि ते कोण ठेवतं हे कुणीच कबूल करेना. शेवटी अंकुरचे वडील, बाबलीकाका, कोयत्यासकट सापडले.

वावराचं मी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, घरासमोर दिसतं ते सगळं आमचं, आणि कुणाचंच नाही. हे उत्तर तलाठ्याला चालणार नाही हे मला कळतं. म्हणून तुम्हीच या आणि पाहा. तुम्ही हो म्हणालात तर वैशाखात लग्न. नाही म्हणालात तर तुमच्या शब्दाबाहेर मी जाणार नाही. पण मग दुसरं स्थळही आणू नका. रीतीप्रमाणे कागदावर लिहून देते आहे.

माया आहे तेवढी राहू द्या, रागावलात तरी.

आपली,
ज्योत्स्ना


सावळेबंदर
८ जानेवारी २०२५

ती. पंचफुलाकाकीस ज्योत्स्नाचा नमस्कार.

काका सुखरूप पोचले असतील. चपला एसटीत चोरीला गेल्या असं त्यांनी तुला सांगितलं असेल. मलाही तसंच सांगायची शपथ घातली आहे. पण काकी, शपथ बोलण्याची होती, लिहिण्याची नाही.

काका रविवारी सकाळी आले. बाबलीकाकांचं घर पाण्याला अगदी लागून, आणि तेव्हा ओहोटी होती. समोर लांबवर ओली, टणक, सपाट जमीन. ना दगड, ना काडी. काकांनी घरात पाऊलही टाकलं नाही. चहा नंतर म्हणाले, चपला काढल्या, खूण म्हणून एका कोपऱ्यावर ठेवल्या, आणि तोंडानं आकडे मोजत चालायला लागले. चारी बाजू चालले. मूठभर वाळू हुंगली, थोडी जिभेवर ठेवली. मग येऊन बाबलीकाकांना म्हणाले, की तीन एकराला कमी नाही, रान एका पातळीत आहे, फक्त मीठ फार झालं, शेणखत टाका. पण इतकी जमीन पडीक काहून ठेवली? बाबलीकाकांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं आणि म्हणाले, आधी जेवूया, मग बघूया.

जेवून बाहेर आलो तर तीन एकर गेलं होतं. पाणी अंगणाच्या दगडी गडग्याला लागलं होतं आणि चपलांची खूण कुठं होती तेसुद्धा सांगता येईना. चूक माझी आहे काकी. भरती-ओहोटी मी पाचवीच्या मुलांना शिकवते, आणि घरच्या माणसाला सांगायची विसरले.

वाडीतली पोरं खिदळायला लागली होती, बाबलीकाकांनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. स्वतःच्या रबरी चपला काढून काकांच्या पायाशी ठेवल्या. काकांनी घातल्या. टाचा बाहेर येत होत्या. मग ते संध्याकाळच्या गाडीनं निघाले. आम्ही गाडीपर्यंत सोडायला गेलो, पण वाटेत हो नाही आणि नाहीही नाही. काकी, त्यांचा अपमान झाला असेल तर सगळं संपलं. अंकुर दोन दिवस नीट जेवलेला नाही. तू काकांना काही विचारू नकोस, पण ते काय पुटपुटतात ते मला कळव.

पदराआड घेत आलीस, याही वेळी घे.

तुझी,
ज्योत्स्ना


सावळेबंदर
१८ जानेवारी २०२५

श्री. भगवंतराव यांस बाबलीचा रामराम.

माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा चुका पोटात घाला.

तुमची डावी चप्पल तिसऱ्या दिवशी किल्ल्याच्या अंगाला लागली. गोड्या पाण्यानं धुतली, सावलीत सुकवली, खोबरेल लावून ठेवली आहे. उजवी अजून आली नाही. समुद्र घेतलेलं बहुतेक परत करतो, पण वेळ तो ठरवतो.

तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. पण तुम्ही आकडे मोजत होता, मध्ये बोललो असतो तर मोजणी चुकली असती. तुम्ही जेवायला बसलात तेव्हा चपला आणायला पोराला पाठवलं होतं. पाणी त्याच्याआधी पोचलं.

एक गजाल सांगतो. विशीत मी पहिल्यांदा घाट चढून देशावर गेलो आणि रात्री ज्वारीच्या रानात वाट चुकलो. डोक्याच्या वर ज्वारी, वाऱ्यानं सगळी हलणारी. मी नक्षत्रं बघून दिशा धरली आणि उजाडेपर्यंत त्याच रानात फिरत राहिलो. सकाळी एका बाईनं मला बाहेर काढलं. ती हसली, पण आधी तिनं भाकरी दिली.

आमच्याकडं जमीन नाही, ते तुम्ही बघितलंत. तुमचं उत्तर काहीही असो, चप्पल तुमची आहे, ती मिळेल.

आठवण ठेवा, न ठेवलीत तरी या.

आपला,
बाबली


रिठद, ता. रिसोड
२ फेब्रुवारी २०२५

श्री. बाबली व्याही यांस भगवंतरावांचा रामराम.

वरचा शब्द वाचून झाला असेल, तर अंकुरला जेवायला सांगा.

भरती-ओहोटीवर मला सातवीत दहापैकी नऊ गुण होते. पण परीक्षेत पाणी नव्हतं. परत येताना मी गप्प होतो तो रागानं नाही, हिशेबानं. मी मनात उलटं मांडून पाहत होतो. तुम्ही रिठदला आला असता आणि आमच्या तळ्यात उतरून होडीचा नांगर मागितला असता, तर आमच्या पारावर ती गोष्ट पाच वर्षं पुरली असती, आणि सांगणारा पहिला मी असतो. भाकरी दिली असती, पण नंतर. तुमच्या अंगणात तुम्ही मात्र माझ्या पायाशी चपला ठेवल्या आणि स्वतः खडीच्या रस्त्यावरून अनवाणी मला गाडीपर्यंत सोडायला आलात. आमच्या रीतीत माती हुंगतात, विहीर पाहतात. याला काय म्हणतात ते रीतीत लिहिलेलं नाही, पण मी पाहिलं.

पोरगी दिली. कागदावर लिहितो, म्हणजे रेंजचा प्रश्न नाही. वैशाखातली तारीख तुमची भरती पाहून तुम्हीच काढा. जगदेवाला मी सांगितलं, की पाहुण्यांचं तीन एकर आहे, दिवसातून दोनदा ओलीत होतं, मोटारीची गरज नाही. तो तेव्हापासून विचारात पडला आहे.

तुमच्या चपला पार्सलनं पाठवतो आहे. उसनं भांडं रिकामं परत करू नये, असा पंचफुलाचा नियम. चपलेत काही भरता येत नाही, म्हणून नव्या तुरीची डाळ वेगळ्या पिशवीत आहे. तिला सगळं ठाऊक आहे, अंकुर जेवत नाही हेही तिच्याकडूनच कळलं. तिनं मला फक्त एकदाच विचारलं, की एसटीत चपला चोरणारा बदल्यात रबरी देऊन गेला का.

माझी डावी तिथंच असू द्या. एका पायासाठी तरी मला यावंच लागेल.

सोयरीक नवी आहे, सांभाळून घ्या.

आपला व्याही,
भगवंतराव

ता. क. डाळीत एक कागदी पुडी आहे, तिला मसाला समजू नये. तुमच्या चपलांच्या खाचेत वाळू होती ती, आणि नोव्हेंबरात ज्योत्स्नाच्या पाकिटातून आलेली, गादीतून वेचली ती. बहुतेक सगळी आहे. ओहोटी असेल तेव्हा कोपऱ्यावर टाकून द्यावी.