चांदमारीची प्रवेशबंदी

६ जानेवारी, सोमवार
डॉक्टरांनी सत्यशीलाला बजावलं. रोज चाला, नाहीतर इन्सुलिन. बायको माझी, म्हणजे जबाबदारी माझी. उद्यापासून तलावाकाठची पायवाट. रस्त्यानं टिप्पर अंगावर येतात. हट्टा गाव सोडून हिंगोलीत येऊन महिना झाला, या गावाला शिस्त लावणारं कोणी दिसत नाही. बघतो.

७ जानेवारी
डोकं फिरलं! पायवाटेच्या तोंडाशीच शेजारच्या उत्तमसिंगनं अडवलं. म्हणे, सर, आगे चांदमारी है, लाल झंडा दिखा तो मत जाना. शेळ्या राखणारी चतुराबाई तिथंच होती, तिचंही तेच. म्हणे, चांदमारी लई वाईट, माज्या शेळ्या बी झेंडा बघून मागं फिरतात, तुमी तर शिकलेले.

मरीआई ऐकून होतो. ही चांदमारी कोण नवीन? तीस वर्षं मराठी शिकवली, असली देवी एका पुस्तकात आली नाही. सत्यशीला म्हणाली, इचारा की कोणाला तरी. मी कशाला विचारू? लोकांनी मला विचारायचं असतं.

९ जानेवारी, गुरुवार
झेंडा आहे. बांबूला लाल फडकं. शेजारी गंजलेली पाटी, वाचता येतं ते एवढंच: 'चांदमारी... झेंडा असताना प्रवेश बंद.' प्रवेश बंद! संविधान आहे का नाही या देशात? वर टेकाडामागं फटाके. सकाळी सकाळी! देवीला फटाकेही लागतात. सत्यशीला म्हणाली, फटाक्यावानी न्हाई वाटत मला. तिचे कानही तपासून घ्यावे लागणार.

परत फिरलो. घाबरून नव्हे. बूट चावत होता.

१२ जानेवारी, रविवार
कॉलनीच्या पारावर चांदमारीविरुद्ध बोललो. अंधश्रद्धेची लक्तरं काढली. लोक खो खो हसले. उत्तमसिंग म्हणे, सर मजाक अच्छा करते. हसा लेको! गाढवापुढं वाचली गीता.

ठरलं. गुरुवारी झेंडा उतरवायचा आणि त्या वाटेनं जाणारी पहिली स्त्री सत्यशीला. इतिहास होईल. ती म्हणाली, मला काहून इतिहासात घालता, शुगर कमी करायची हाय मला. दृष्टीच नाही.

१६ जानेवारी, गुरुवार, पहाटे
निघतोय. नवे बूट, जर्किन, काठी. कोणाच्या बापाला भीत नाही.

त्याच दिवशी, दुपारी
नवे बूट मातीनं भरलेत. वाट खराब आहे.

झेंडा काढला, घडी करून जर्किनच्या खिशात घातला. सत्यशीलाला घेऊन थोडं आत गेलो तर मागून चतुराबाई शेळ्या घेऊन आली. झेंडा न्हाई दिसला म्हणून आली म्हणे. तेवढ्यात धाड! धाड! डोक्यावरून सूं करून काहीतरी गेलं. फटाके असे जात नाहीत. तिघंही चरात आडवे. शेळ्या उधळल्या. चतुराबाई त्यांच्यामागं पळायला उठली, तिचा पाय धरून सत्यशीलानं खाली ओढली आणि धरून ठेवली. मी परिस्थितीचा आढावा घेत होतो.

मग शिट्ट्या झाल्या, थांबलं. जवान धावत आले. त्यांच्या साहेबानं माझ्या खिशातून लोंबणारा झेंडा ओढून काढला. चिडला होता. म्हणाला, चांदमारी म्हणजे गोळीबाराचा सराव, एवढंही माहीत नाही? मी म्हणालो, शब्द जरा ग्रामीण आहे. त्यानं विचारलं, काय शिकवायचे तुम्ही? सत्यशीला म्हणाली, मराठी.

१७ जानेवारी
शब्दकोशात आहे. छपाई फार बारीक केली आहे, रद्दीत घालायच्या लायकीची. आणि लोकांनी तरी फोड करून सांगायला नको?

सगळ्या शेळ्या सापडल्या. तरी चतुराबाई दारात येऊन भांडून गेली. त्या झेंड्याच्या भरवशावर ती रोज त्या वाटेला जाते म्हणे. सगळ्या कॉलनीसमोर म्हणाली, मास्तर, माजं काही झालं असतं तर माज्या लेकरांना काय शिकवलं असतं तुमी? काढला काहून तुमी झेंडा? मी दार लावून घेतलं. वारा फार होता. संताप संताप झाला दिवसभर.

१९ जानेवारी, रविवार
सत्यशीला आता चतुराबाईसोबत चालते. झेंडा नसेल तेव्हाच, तलावाकाठनं. आज मीही बूट घातले. ती म्हणाली, तुमी थांबा. म्हटलं, बायको माझी, जबाबदारी माझी. तर म्हणाली, चरात काय वरडत होता, सांगू का कॉलनीत?

मी म्हणे ओरडत होतो, चांदमारीआई, मला वाचव, नारळ फोडीन. मला असलं काही आठवत नाही. तिला शब्द न् शब्द आठवतो. 'मला' म्हणालात, 'आमाला' न्हाई, हे तिनं दोनदा सांगितलं.

नारळ तिनंच आणून ओट्यावर ठेवला होता. चप्पल घालता घालता म्हणाली, फोडून ठेवा, चटणी करते. मी विचारलं, आणि तुझ्यासोबत कोण? म्हणाली, चतुराबाई हाय. गोळी आली तर ती माजा हात धरील, नवस बोलत न्हाई बसायची.

दार लोटून गेली. नारळ खवतोय.