बा आकड्यात न्हाय

मस्कत
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

सम्राटदादा,

जयभीम. आईला 'तोंड आलंय' म्हणू नकोस, म्हणू नकोस, किती वेळा सांगायचं? आलेलं तोंड आठ दिवसांत जातं. तिच्या गालात आतनं पांढरा चट्टा गणपतीपास्नं हाय. आणि तू परवा परत तेच, 'बी-कॉम्प्लेक्स चालू हाय की.' मी बोलायला लागलो की फोन कापतोस, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. सातवीतनं सुटलेल्याचं अक्षर हाय, लावून लावून वाच. मी बरा हाय. इथलं ऊन आता कमी झालंय.

सरकारी दवाखान्याची आशाताई, निशिगंधा, घरी तोंडं तपासायला आलती, तवा काय केलंस? उंबऱ्यात उभारून म्हणालास, 'आमच्यात कोण मिश्री लावत न्हाय.' आणि आई आत पैंजणाच्या कड्या जोडत बसलेली, मिश्रीची डबी मांडीखाली सरकवून! बघायला पावणं आल्यागत तिला चूळ भरून, दात घासून बसवलंवतंस तू. शेवटी बहिणीनंच, साक्षीनं, सगळं सांगितलं मला.

इथं कंपनीनं तपासणी ठेवलीती. आम्ही काचा पुसणारी पोरं रांगेत. मलबारी सिस्टरनं तोंडात बॅटरी मारली आणि हिंदीत विचारलं, घरात कुणाला तसलं काय होतं का? मी म्हणालो, न्हाय. सवय, दुसरं काय.

मग तिनं मोबाईलवर दाखवलं. देश निवडायचा, बाई का पुरुष निवडायचं, की त्या रोगाच्या माणसांचा आकडा समोर. तोंडाचा किती, छातीचा किती. पैसे न्हाईत, वशिला न्हाय, कुणीबी बघावं. तिशीच्या पुढं आपल्याकडं सरकारी दवाखान्यात तोंड फुकट बघतात, हेबी तिनंच सांगितलं. मस्कतात बसून मला कळतंय आणि हुपरीत तुला कळंना व्हय?

आपल्या देशाचा आकडा बोट लावून दोनदा वाचला. विचारलं, एवढी माणसं मोजली कुणी? म्हणाली, दवाखान्यात जे नोंदतात त्यावरनं अंदाज काढतात. म्हणजे बा त्यात न्हाय. बाला आपण घरातच ठेवला. गालाला भोक पडलं तरी भावकीला 'दाढ दुखतीय' सांगितलं, आणि गेल्यावर 'हार्ट'. दाखल्यावर बी हार्टच.

दादा, बा कॅन्सरनं गेला. लिहिलं एकदाचं.

तुला भ्या कशाचं ते मला ठाऊक हाय. कागलचं स्थळ. घरात तसलं हाय म्हटल्यावर साक्षीला कोण करून घेणार? म्हणून आईनं लग्नापातुर चट्टा गालात सांभाळायचा!

तर ऐक. काल मीच कागलला फोन लावला. पोराच्या वडलांना, केरबाकाकांना, सगळं सांगितलं. बाचं बी आणि आईचं बी. मग 'बघतो, पावणं,' म्हणाले आणि ठेवला. त्यांचा फोन येईल, न येईल. शिव्या मला घाल, साक्षीला एक शब्द बोलू नकोस. तिला आधी विचारलंतं. रडली, आणि म्हणाली, 'लाव. आईच्या तोंडात रोज मला बघायला लागतंय, त्यांना न्हाय.'

आता लपवायला तुझ्याकडं काय ऱ्हायलं न्हाय. सोमवारी निशिगंधाताई आईला कोल्हापूरला नेणार हाय, सकाळच्या एसटीनं. तू संगं जा. पैंजणाची ऑर्डर थांबू दे, बुडू दे. डॉक्टरनं विचारलं की मिश्री सांग, किती वर्षं ते सांग, बाचं सांग. आणि सांगून झालं की तसंच उठू नकोस. लिहून घेतलं का बघ.

आईला म्हणावं, पसन्या तुझ्यावर रागावलेला न्हाय.

तुझ्यावर रागावलेला, तरीबी तुझाच भाऊ,
प्रसेनजीत

ता. क. तपासणी फुकट हाय, पुढचं असंल का ठाऊक न्हाय. साक्षीच्या लग्नाच्या हॉलसाठी ठेवलेले सगळेच पैसे पाठवतोय: एकतीस हजार.