टोरांटोतला सूर्यास्त

टोरांटो, जुलै २०२६

प्रिय पतासी,

एवढ्या वर्षांच्या संसारात तुला हे माझं पहिलंच पत्र. घरात आपण मारवाडी बोलतो, पण लिहायला बसलं की मला शाळेतली मराठीच सुचते. मी ठणठणीत आहे असं काल फोनवर सांगितलं, ते खरंय. परवा नव्हतो. फोनवर हे बोलता येईना, कारण आपल्या अरिहंतच्या घराच्या भिंती पातळ आणि पलीकडे सूनबाई कामिनी. लोणखेड्याचे एक गृहस्थ उद्या निघतायत, त्यांच्या हाती हे देतोय. धाकट्याकडून वाचून घेऊ नकोस, चष्मा लाव आणि स्वतः वाच.

फुटबॉलच्या विश्वचषकामुळे हे शहर पार येडं झालंय. सारंगखेड्याच्या जत्रेत निदान घोडे तरी असतात, इथे नुसते झेंडे. परवा अरिहंत मला आणि कामिनीला सामन्याला घेऊन गेला. मला गोलकीपर तेवढा ओळखू येत होता, कारण त्याचा सदरा वेगळा. बाकी मी आपला दुकानदार, सगळ्यांच्या अंगावरचं कापड बघत बसलो.

इथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास बुडतो. दिवस बुडाल्यावर पाण्याचा थेंबही न घेण्याच्या आपल्या चौविहाराला केवढी सोय! सामना संपला की गाडीत बसून दिवस मावळायच्या आत जेवायचं ठरलं होतं. खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून डबा गाडीतच. डबा कामिनीचा. कांदा, बटाटा काही नाही. कळसाडीच्या शेतकऱ्याची पोर ती, तिच्या माहेरी शेतातून परतल्यावर चूल पेटते. इथे मात्र ती रोज मोबाइलवर सूर्यास्त बघून माझं ताट वाढते. तुला हे कुठून ठाऊक असणार? अरिहंतने जैन घर सोडून गुजर पाटलाची मुलगी केली, तेव्हापासून तिच्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही म्हणालीस, आणि म्हणूनच इथे आली नाहीस.

चूक माझीच. सामना संपत आलाय असं पाहून मी कोणालाही न सांगता बसल्या जागी जेवणाआधीचं इन्सुलिनचं इंजेक्शन टोचून घेतलं. बरोबरी झाली तर पुढे आणखी अर्धा तास खेळवतात, हे मला काय माहीत! शेवटच्या मिनिटाला बरोबरीचा गोल झाला, लोक नाचायला लागले आणि मी अडकलो. उठायला जागा नाही, वर पाहतो तर आभाळ काळवंडत चाललेलं. सामना सुटेपर्यंत माझा सदरा घामाने भिजला होता. जिन्यातल्या गर्दीत मी खाली बसलो. इंजेक्शन घेतलं, जेवलो नाही, साखर उतरली, एवढं कसंबसं सांगितलं. अरिहंत डॉक्टर शोधायला पळाला. कामिनीने कुठून तरी सरबताची बाटली आणली, पण मी दात घट्ट मिटून घेतले. चाळीस वर्षांचा नियम गं. मरण आलं तर येऊ दे, असंच वाटत होतं.

तेव्हा ती मैदानातल्या मोठ्या दिव्यांकडे बोट दाखवून अहिराणीत म्हणाली, "बाबूजी, उजेड दिखी ऱ्हायना ना? दिन बुडना नही. पी ल्या." ओठ कापत होते तिचे.

मी प्यालो. सगळी बाटली.

तेव्हापासून ती माझ्याकडे बघत नाही. काल दिवसभर जेवली नाही. विचारलं तर म्हणाली, भूक नाही. आपण म्हाताऱ्याला फसवलं, त्याचा नियम मोडला, हे तिच्या मनाला खातंय. पतासी, जन्मभर दुकानाच्या ओट्यावरून सूर्य बुडताना पाहणारा माणूस मी. दिव्याचा उजेड मला कळणार नाही? दिवस बुडालाय हे ठाऊक असूनच प्यालो. ती पोर माझ्या जिवासाठी पाप आपल्या माथी घेत होती, आणि मी नियम कवटाळून तिच्या डोळ्यांदेखत मरायला बसलो होतो. प्रायश्चित्त गावी आल्यावर महाराजसाहेबांकडे मी घेईन, तिने नाही. हे मी तिला सांगेनच, पण माझ्या सांगण्याने तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. तिला भीती तुझी आहे. म्हणून हे पत्र. वाचून झालं की तिला फोन कर. नियमाचं काही काढू नकोस. एवढंच विचार, सासू आली तर तिच्यासाठी रांधशील का?

तुझाच,
भंवरलाल