जाळीवाला हेडफोन

४ मार्च
डॉ.बाई म्हणाल्या, खोकला कधी येतो, किती टिकतो ते लिहीत जा मावशी, इथे आल्यावर तुम्ही विसरता. म्हणून लिहिते. सातवीपर्यंत शाळा, अक्षर कोंबडीचं. वाचणार कोण. डायरी रुपेशच्या ऑफिसची, त्याला नको होती. हल्ली सगळं फोनमध्ये लिहितात.
आज चहाच्या आधी आला. मग मसाल्याच्या कांडपावर परत. तिथे सगळ्याच बायका खोकतात. मिरचीचा सीझन सुरू झाला की अख्खं लालबाग शिंकतं. मी मिरचीचे देठ काढायला बसते, माझा खोकला त्यात खपून जातो. बरं आहे.
कफात लाल होतं. मिरची असेल.
मिरची अशी नसते. इतकी वर्षं बसते तिथे, मला कळतं.

७ मार्च
जेवणाच्या सुट्टीत एक्सरे काढून आणला. डॉ.बाईंनी उजेडात धरला, बोट ठेवलं. "इथे डाग दिसतोय. मोठ्या हॉस्पिटलात जा, लगेच जा. मुलाला बरोबर न्या."
म्हटलं, कसला डाग?
"ते तिथे तपासून सांगतील."
हो हो म्हणून बाहेर आले. नाक्यावर आल्यावर बघते तर डावी चप्पल उजव्या पायात. तशीच चालत आले होते.
रुपेशला सांगायचं नाही. सीझन संपू दे. मेमध्ये बघू.

८ मार्च
कशाला सांगायचं नाही, ते स्वतःसाठी लिहून ठेवते, नाहीतर मन फिरेल.
ह्यांच्या आजारपणात रुपेश कॉलेजात होता. हॉस्पिटलात रात्रंदिवस तोच. रांग त्याने लावायची, रक्त त्याने न्यायचं, वॉर्डात बाकड्यावर झोपायचं. आजूबाजूला सगळे खोकणारे. तेव्हा कानात ती वायर घालायला लागला. मी ओरडले, बाप इथे आजारी आणि तू गाणी ऐकतोस? म्हणाला, "गाणी नाही ऐकत गं. हे नाही ऐकत."
हे गेले. वायर राहिली. मग वायरीचा मोठा हेडफोन झाला, मग त्याहून मोठा. आता पोरगा चौतिशीचा, लग्नाचं नाव काढत नाही, पण हेडफोनचं विचारा, तासभर बोलेल.
त्याला परत त्या बाकड्यावर नाही बसवायचं. बास.

११ मार्च
आमची खोली एकच. खाटेवर रुपेश, ओट्याजवळ मी, कोपऱ्यात मोरी. दार एकच, बाहेरचं. आतलं दार म्हणजे रुपेशचा हेडफोन. तो कानावर चढला की माझी खोली वेगळी. मग मोरीत नळ सोडते आणि खोकून घेते.
आज त्याने घातला तेव्हा माईला फोन लावला. माझी मोठी बहीण, कणकवलीला असते. तिला सगळं सांगितलं. रडायला लागली, पोराला सांग म्हणून. "झिलाक सांग गो. एकटी खंय धावतलंस?"
म्हटलं, सीझन संपू दे.
"मिरचे वाट बघतले. आजार बघतलो काय?"
ठेवला फोन. रुपेश तिकडे डोळे मिटून मान हलवत होता. काही ऐकलं नाही.

१५ मार्च
रविवार. रुपेशचे दोस्त आले. केतन, चिंचपोकळीचा गुजराती, आणि अभी, खालच्या मजल्यावरचा. तिघांना एकच वेड. परदेशातली कुठली कंपनी नवीन हेडफोन काढतेय, त्याचं गेले कित्येक महिने चाललंय. अजून बाजारात आला नाही. कुणी हातात धरला नाही. तरी भांडणं.
केतन म्हणे, "ट्रेबल तिखट असणार, वरचे सूर टोचणार, लिहून घे."
अभी म्हणे, "तुझे कान फुकट गेलेत, तिखट नाही, साफ असणार."
मी कांदे कापत होते. म्हटलं, न बघितलेल्या मुलीच्या रंगावरून भांडताय रे. आधी घरात तर येऊ दे.
रुपेश म्हणाला, "आई, मजा वाट बघण्यातच आहे."
मला वाट बघायला आवडत नाही. बस आली नाही तर मी चालत सुटते. पण आज तिथेच उभी राहिले, कारण रुपेशच्या जुन्या हेडफोनची कानावरची गादी फाटलीय, तो वरच्यावर काढून ठेवतो. काल खोकले तेव्हा त्याने मान वळवली. "काय गं?" "मिरची." "रोज मिरची?" "मग काय गुलाबजाम निवडते मी तिथे?" हसला.
नवीन कधी येणार, मीच विचारलं. तिघे बघतच राहिले.

२२ मार्च
आता रोज विचारते, आला का. जितका महाग तितका जाड असणार. जाड गादी, कान घट्ट बंद, बाहेर बॉम्ब फुटला तरी कळायचं नाही. मला तोच पाहिजे.
केतन खूश. "काकूंना ग्रुपमध्ये घ्या रे, आपल्यापेक्षा जास्त घाई त्यांना."
अभी फोनवर फोटो दाखवतो. लाकडाची वाटी, काळं कातडं. मी चष्मा लावून बघते आणि विचारते, कानावर घट्ट बसतो ना रे?
"काकू, एकदम मख्खन."
सकाळी खोकला दोनदा. दुसऱ्यांदा मोरीचं पाणी लाल झालं. बादली ओतली, परत ओतली.

२८ मार्च
कंपनीने तारीख पुढे ढकलली. तिघांची तोंडं सुतकातल्यासारखी. मीच जास्त बोलले, लाज नाही का ह्यांना, तारखा देतात आणि फिरवतात. रुपेशने माझ्या खांद्यावर हात टाकला. "आई, तू खरी फॅन."
त्याला किती बरं वाटतंय, मी त्याच्या आवडीचं विचारते म्हणून. तोंड फिरवून भात ढवळला. नासकी आहे मी.

५ एप्रिल
घात झाला.
रुपेश आज हौसेने मला समजावत होता. फोटोत मागची बाजू मोठी केली. तिथे जाळी. चहाच्या गाळणीसारखी.
म्हटलं, ही कशाला?
"हा मागून उघडा असतो, आई. चांगले सगळे असेच. आवाज कोंडून ठेवत नाहीत. आतलं बाहेर जातं, बाहेरचं आत येतं."
"म्हणजे बाहेरचं ऐकू येतं?"
"सगळं. तू कुकर लावलास तरी. तेच तर भारी, घातलाय असं वाटतच नाही."
"मग एवढा महाग कशाला घ्यायचा? ऐकू येण्यासाठी?"
हसत सुटला. केतनला मेसेज केला, आईने काय प्रश्न विचारला बघ म्हणून.
ह्याच्यासाठी मी देवाला हात जोडत होते.

६ एप्रिल
म्हटलं, जुनाच ठेव, गादी मी शिवून देते, कातडं आणते बाजारातून.
"जुना अभीला दिला, नवीन येतोच आहे ना. कालच घेऊन गेला."
म्हणजे आता कानावर काहीच नाही. उघडे कान घेऊन पोरगा घरात बसलाय. आठवड्यातून दोन दिवस घरून काम पण असतं त्याला.

१२ एप्रिल
मिक्सर लावते आणि खोकते. खोबरं नसलं तरी लावते, रिकामाच फिरवते. कुकरच्या शिटीची वाट बघते. संडास गॅलरीच्या टोकाला, तिथे बादली घेऊन जाते, पण बाहेर रांग असते. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "काय हो, आत झोपलात काय?"
दुपारी माईचा फोन. रुपेश समोर. म्हटलं, हो हो, बरी आहे, आंबे पाठव. तिला कळलं. "भियालंस ना?" म्हणाली. मी आंब्यांचंच बोलत राहिले.
हो, भ्यायले. लिहायला काय जातंय. ह्यांचे शेवटचे दिवस डोळ्यासमोरून हलत नाहीत. घास उतरत नाही. पायऱ्या चढताना मधेच थांबते आणि चपलेचा अंगठा नीट केल्यासारखं करते.

१९ एप्रिल
बाजारात आला म्हणे. इथे पोचायला वेळ लागणार. तिघांना झोप नाही. रुपेश रोज बघतो, पार्सल कुठपर्यंत आलंय. मी पण बघते. त्याला वाटतं मी खूश आहे.

२६ एप्रिल
आला.
तिघे खाटेवर. खोका उघडायला केतनने हात धुतले, देवघरात जाताना धुवावे तसे. आत फोम, फोमच्या आत तो. लाकूड, कातडं, मागे ती जाळी. अभी म्हणाला, "शंभर तास वाजवून ठेवायला पाहिजे आधी, मग खुलतो." म्हटलं, लोणचं आहे काय रे, मुरवायला? कुणी हसलं नाही. देवळात असल्यासारखे बसले होते.
मग पंखा बंद केला. दार लावलं. शेजारच्या वहिनींना टीव्ही बारीक करायला सांगून आले. ह्या हेडफोनला म्हणे अशी शांतता लागते, नाहीतर बाहेरचं मिसळतं. आमच्या खोलीत एवढी शांतता मी कधीच ऐकली नव्हती. घड्याळ ऐकू यायला लागलं.
केतनने ऐकलं. अभीने ऐकलं. अभीच्या डोळ्यात पाणी. मी ओट्याला पाठ लावून बसले होते, पदराचा बोळा तोंडात. छातीत खरखर चढत होती.
रुपेशने घातला. डोळे मिटले. जाळीतून बारीक तबला बाहेर येत होता, मला इथपर्यंत. इतकी वर्षं हा काय ऐकतो ते मला पहिल्यांदा कळलं. छान होतं.
आणि तेव्हाच आला. दाबला. परत आला. मोरीत पळाले, नळ सोडला. पाणी नव्हतं, नळाची वेळ संपली होती. कोरडा नळ. मी खोकत राहिले.
बाहेर आले. रुपेशचे डोळे मिटलेलेच. हेडफोन कानावरच. म्हणाला, "आई, हा मिरचीचा नाही."
मी म्हटलं, आज लवंगी मिरची जास्त होती, झणझणीत...
"मी वॉर्डात हाच ऐकायचो."
केतन उठला, अभीला ओढून नेलं. दार ओढून घेतलं हळूच.
मग रुपेशने काढून बाजूला ठेवला. जाळीतून तबला तसाच वाजत होता, बंद करायचं भान नव्हतं त्याला. मी ओरडणार होते, कशाला तमाशा करतोस दोस्तांसमोर. पण त्याच्या ओठाकडे बघितलं. थरथरत होता. लहानपणी इंजेक्शनच्या आधी व्हायचा तसा.
म्हणाला, "जुन्यातून पण ऐकू यायचं, आई. गादी फाटायच्या आधीपासून. मी आवाज वाढवायचो."
"का?"
"विचारलं तर खरं होईल म्हणून."
पंखा लावायचं पण सुचलं नाही. घाम येत होता.
एक्सरे दाखवला. त्याने उजेडासमोर धरला, उलटा. सुलटा करून दिला मी.

२७ एप्रिल
ऑफिसात कळवलं त्याने. कांडपावर पण त्यानेच फोन केला, शेठला म्हणाला, आई काही दिवस येणार नाही. मला न विचारता. भांडले.
माईला सांगितलं. "सुटलंस गो," म्हणाली. कसली सुटले. माझ्या एकटीच्या पोटात होतं, आता दोघांच्या.
रुपेश दिवसभर घरात. हेडफोन टेबलावर, त्याच्याकडे बघत पण नाही. केतनचा फोन आला, त्याने उचलला नाही. मीच म्हटलं, ऐक ना थोडं. एवढी वाट बघितलीस.
"नको."
"मग मला लाव."
लावला त्याने. जड आहे, मान दुखली. पेटी आणि तबला. मला त्यातलं कळत नाही. पण त्यातून रुपेशचा श्वास ऐकू येत होता, शेजारी बसलेल्या पोराचा. जोरात चालला होता. पळून आल्यासारखा.
डोळे उघडले नाहीत मी. बघवलं नसतं.

२८ एप्रिल
आज परळला मोठ्या हॉस्पिटलात. रुपेश खाली गेलाय, टॅक्सी अडवलीय. फाईल पिशवीत, पाण्याची बाटली, चपात्या. साडी बदलली, परत पहिलीच नेसले.
खालून हाक मारतोय, "आई, चल लवकर!" टॅक्सीवाला हॉर्न मारतोय.
आयुष्यभर मी कुणाला थांबवलं नाही. कुणी उशीर केला तर बोलून सोलून काढलं. आज पाय उचलत नाहीत. दार लावलेलं आहे, चावी हातात आहे, मी आतल्या बाजूला.
रुपेश आता हाका मारत नाही. जिन्यावर त्याची पावलं वाजतायत, वर येतोय. येऊ दे. एवढं लिहून दार उघडते.