वेशीबाहेरचा दवाखाना

आचरा,
९ जानेवारी २०२५

प्रिय किशोरी,

इकडे सगळी बरी आहेत. आईचा खोकला गेला, परसातली चवळी वर आली. दोन वाड्या पलीकडे राहणाऱ्या मुलीला कोण पत्र लिहितं, असं म्हणशील. पण तोंडाने बोलायला गेलो की माझं भांडण होतं, म्हणून हा कागद.

गावपळणीच्या पहिल्या सकाळी, माडाच्या झापांच्या त्या खोपीत, तू एकटीने डॉक्टरांच्या लॅपटॉपवर दवाखाना उभा केलास. माझं सगळं त्याच घटकेला बदललं. तुला ठाऊक नाही, मी मागे काजूच्या झाडाखाली उभा होतो.

मी कॉलेज अर्ध्यावर सोडून आलो तेव्हा गावात माझ्याशी सरळ बोलणारी तू एकटी. बाकीचे विचारायचे, "मास्तराच्या टेबलावर जर्नल आपटलंस म्हणे?" तू विचारलंस, "कॉम्प्युटर येता काय तुका?" तू काम करतेस त्या ट्रस्टच्या दवाखान्यात पेशंटांच्या नोंदींसाठी ते फुकटचं सॉफ्टवेअर बसवायचं होतं. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणीही घ्यावं, उघडून बदलावं असं. पण बसवायची रीत अशी लिहिलेली, की प्रत्येक दवाखान्यात माझ्यासारखा एक रिकामटेकडा असतोच असं धरून चाललेत. काळ्या पडद्यावर ओळीमागून ओळ टाइप करत राहायचं, एक अक्षर चुकलं की पहिल्यापासून.

मग वीज गेली की तुझा फोन. "सुशांत, काळो पडदो इलो रे. तुझा काय ता येवन बघ." मी जेवता जेवता उठायचो. आई म्हणायची, "ह्या दवाखान्याक सारखा काय जाता?" मला काही वाईट वाटायचं नाही, एवढंच लिहितो.

गावपळणीला देवाचा कौल झाला, सगळ्या गावाने गुराढोरांसकट तीन रात्री वेशीबाहेर राहायचं ठरलं. तेव्हा तूच डॉक्टरांना म्हणालीस, माणसं बाहेर तर दवाखाना आत कशाला? मोठा कॉम्प्युटर नेता येणार नव्हता. डॉक्टर त्याच सकाळी मालवणहून स्वतःचा लॅपटॉप आणणार, आणि सगळं त्यावर तिथेच बसवायचं, इंटरनेटशिवाय. आमची खोपी खाडीपलीकडे. मी म्हटलं, गुरं बाबांवर सोडून येईन की!

"तू काय कायम माझ्या बाजूक बसान रवतलंस?" तू म्हणालीस.

मी तडकलो. "मग बसव तुझा तू!" म्हणून पिशवी उचलून निघालो. तू हसलीस, ते अजून लागतंय.

घरी येऊन कामाला बसलो ते तुझ्यावरच्या रागाने. जुन्या नोंदींसकट सगळं एका पेनड्राइव्हमध्ये कोंबलं. काळा पडदा काढून टाकला, त्याजागी प्रश्नांची यादी ठेवली. तुला आणून दाखवलं तर तू म्हणालीस, "इतक्या वाचूक माका येळ खंय? भायर पेशंट बोंबलतत." परत घरी. प्रश्न कमी केले. जे यंत्राला स्वतः कळू शकतं ते तुला का विचारायचं? मराठीत एक बटण ठेवलं. आणि करता करता ध्यानात आलं, की मी एकेक पायरी छाटतोय ती पायरी म्हणजे तुझा एकेक फोन. हात थांबला होता, किशोरी. मग तुझं ते वाक्य आठवलं, आणि छाटली.

त्या सकाळी तू मी दिलेला पेनड्राइव्ह लावलास नि चुलीवरच्या चहाकडे गेलीस. परत येईस्तोवर पडद्यावर पेशंटांची नावं आली होती. सकिनाचाची कण्हत आली. डॉक्टरांनी गोळी लिहिली, तू पडद्याकडे बघितलंस नि लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवलास.

"चाची, ह्या औषध तुमका बाधता. गेल्या वर्षी अंगभर गांधी उठलेल्या."

"माका आठवना नाय गो."

"तुमका आठवना नाय तरी चालात. हय लिवलेला आसा."

डॉक्टरांनी गोळी बदलली. तू इकडेतिकडे बघितलंही नाहीस, मी आहे की नाही म्हणून. मला अभिमान वाटला आणि रडूही आलं. खाडीकडे परत गेलो. तेव्हापासून दवाखान्याची पायरी चढलो नाही. "रुसलंस काय रे?" असा तुझा मेसेज आला, त्याचंही उत्तर दिलं नाही. रुसलो नव्हतो. यायला काही कारण उरलं नव्हतं.

काल बाबू कंपाउंडर बोलला, सोमवारी तू कुणकेश्वरच्या नव्या दवाखान्यात जाणार, राहायलाच. तिथे हे सगळं तूच बसवणार. "काही अडलं तर सांग" असं लिहून पत्र संपवणार होतो. अडायचं नाही, मी बघितलंय.

म्हणून खरं तेच लिहितो. मला तू आवडतेस. तुझा कॉम्प्युटर बरा असतानाही आवडतेस. मी कुणकेश्वरला आलो तर चालेल का, नुसता? "नाय" म्हणायचं असेल तर तोंडावर म्हण. भांडणार नाही. भांडलो तर थोडंच.

हे पोस्टात टाकत नाही, घेऊनच येतोय. आई विचारतेय, "खंय चललंस? परत कायतरी बिघाडला?" "काय बिघडूक नाय," म्हटलं. ती बघतच राहिलीय. कागदाची घडी घालतो नि निघतो.

काही काम नसताना येणारा,
सुशांत