बाहेरचा हात

गुरुवार, ता. १२

प्रिय पान्या,

आईने पाकीट हातात दिलं, वरचं अक्षर तू ओळखलंस आणि न उघडताच ते टूलबॉक्सवर ठेवलंस, असं मी धरून चालते. काम करता करता त्याच्याकडे डोळे वटारून बघत असशील. बघ खुशाल. साडेचार वर्षं आपण एकमेकांशी बोललो नाही, त्यात आणखी एक दिवस गेला म्हणून आभाळ कोसळत नाही. पण संध्याकाळपर्यंत उघड. यात मोठ्या बहिणीचा उपदेश नाही. गाडीची तक्रार आहे, आणि कुणाच्या गाडीला काय झालंय हे कळल्याशिवाय तुला घास गिळवत नाही. उशाखाली पाना घेऊन झोपायचास तेव्हापासून मी हे बघत आले आहे.

तर आमची गाडी. दोन महिने झाले, सकाळी सुरू केली की बॉनेटखालून घरघर येते, आत कुणी रेव दळत असल्यासारखी. चढावर तापमानाचा काटा हळूच वर सरकतो आणि सपाटीला आलं की साळसूदासारखा खाली येऊन बसतो. तुझ्या भावोजींच्या मते आवाज वगैरे काही नाही, माझेच कान वाजतात. ज्या माणसाला समोर बसलेल्या बायकोचं बोलणं ऐकू जात नाही, त्याला गाडीचं काय ऐकू येणार! कंपनीच्या वर्कशॉपात आजवर पाच खेपा झाल्या. पहिल्या खेपेला त्यांनी बॅटरी बदलली. दुसऱ्या खेपेला चाकांची अलाइनमेंट केली. तिसऱ्या खेपेला कुठलासा सेन्सर घातला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. चौथ्यांदा चार दिवस ठेवून घेतली आणि परत देताना सांगितलं, की थोडाफार आवाज हे या मॉडेलचं वैशिष्ट्यच आहे. मग जाहिरातीत का नाही सांगितलंत, असं मी विचारलं, तर पाण्याचा ग्लास पुढे केला.

तिथली रीत तुला सांगायला हवी, तुला हसू येईल. गाडी उघडणारा माणूस तिथे आपल्याला भेटतच नाही. तो काचेच्या पलीकडे. अलीकडे सोफे, मासिकं आणि एक टायवाले गृहस्थ. मी टायवाल्यांना आवाज तोंडाने काढून दाखवते, घर्रर्र घर्रर्र, आजूबाजूचे लोक मासिकातून डोकं वर काढतात, आणि ते संगणकात लिहितात, ‘असामान्य ध्वनी’. तो कागद पलीकडे जातो. पलीकडचा माणूस काय समजायचं ते समजतो. एकदा मी काचेवर टकटक करून त्याला खुणेने सांगायला गेले, तर टायवाल्यांनी मला हाताला धरून सोफ्यावर आणून बसवलं.

आणि हे सगळं करायला मी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. तुझं गॅरेज आमच्यापासून दोन गल्ल्या. पण आवाज सुरू झाल्यापासून मी त्या रस्त्याने गाडी नेलेली नाही. आधी न्यायची, तीही काचा वर करून, मान सरळ ठेवून. आता मात्र शाळेमागून फिरून जाते, कारण तू तो आवाज कोपऱ्यावरून ओळखशील आणि मनात म्हणशील, ताईचा वॉटर पंप कामातून चाललाय. पाचव्या खेपेला त्यांनाही तेच सापडलं. वॉटर पंप. दोन महिन्यांनी.

तो शोरूममधला दिवस तू विसरला नसशील. मीच तुला हट्टाने नेलं होतं. त्या चकचकीत फरशीवर तू वर्तमानपत्र पसरलंस आणि कोऱ्या गाडीखाली सरपटत गेलास, तेव्हा विक्रेत्या बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. खरं सांगते, मला तुझा अभिमान वाटत होता. मग त्या बाईंनी वाढीव वॉरंटीचा कागद काढला. पाच वर्षं काहीही बिघडलं तरी कंपनी बघेल, अट एकच, बाहेरचा हात लागता कामा नये. तू म्हणालास, ताई, हे कशाला, मी आहे ना. आणि मी, जिची अर्धी हयात शाळेच्या कचेरीत दाखले लिहिण्यात गेली, जिला जन्मदाखला दाखवल्याशिवाय समोर उभं असलेलं मूल जन्मलंय हे पटत नाही, मी सगळ्यांसमोर म्हटलं, तुझं सगळं तोंडी असतं, इथे निदान लेखी मिळतंय.

तू वर्तमानपत्र उचललंस, चौघडी घातलीस आणि चालत घरी गेलास. मी सही केली. शाळा अर्ध्यात सोडल्यामुळे तुझ्याकडे कुठलाच दाखला नाही, ही गोष्ट घरात आपण कुणी कधी काढत नव्हतो, आणि ती मी एका परक्या बाईसमोर काढली. त्या क्षणी मला कळलं होतं. पण चूक कळणं आणि चुकलं म्हणणं यात माझी साडेचार वर्षं गेली. चुकलं माझं. हे वाक्य मी इथे मधेच लिहून टाकते, नाहीतर शेवटी जागा उरली नाही असं कारण मला मिळेल.

तर पंप. तो वॉरंटीत बसतो, म्हणून कागद वॉरंटीच्या कंपनीकडे गेले आणि आठवड्याने नकार आला. कारण असं, की गाडीला बाहेरचा हात लागलेला आहे. पंपाला पाणी नेणारा पाइप कंपनीचा नाही आणि तो कुणीतरी काढून बसवलेला आहे. मी टायवाल्यांवर अशी काही कडाडले की सोफ्यावरचे दोन जण उठून बाहेर गेले. या गाडीला कुणी बोट लावलेलं नाही, मी लेखी देते, म्हटलं. त्यांनी फोटो पुढे सरकवला. काळा पाइप, त्यावर आवळलेली पट्टी, पट्टीचा स्क्रू, आणि स्क्रूच्या डोक्यावर पिवळ्या रंगाचा एक ठिपका.

तो ठिपका मी ओळखला. लहानपणी रोज सकाळी शाळेला निघताना माझ्या सायकलच्या चाकांचे नट तू पान्याने तपासायचास आणि सायकलच्या रंगातून उरलेल्या पिवळ्या डब्यात काडी बुडवून प्रत्येकावर ठिपका द्यायचास. ठिपका असला की समजायचं, हे बघितलेलं आहे, बिनघोर जा. मैत्रिणी हसायच्या, सायकलला गोवर आलाय म्हणायच्या. अजूनही तुझ्या हाताखालून गेलेल्या गाड्यांना तो असतो, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

घरी येऊन आईला विचारलं. आधी तिला ऐकूच येईना. मग चष्मा सापडेना. शेवटी म्हणाली, त्याने मला शपथ घातली होती. तीन वर्षांपूर्वी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, घाटापलीकडच्या इस्पितळात. सकाळी मी, दुपारी तू, म्हणजे समोरासमोर यायला नको. घरी सोडायच्या आदल्या दुपारी मी समोरच्या लॉजवर आडवी व्हायला गेले, गाडीची किल्ली तिच्या खाटेशेजारच्या खणात. तू आलास ते माझ्या गाडीखाली गळलेलं इंजिनाचं हिरवट पाणी बघूनच. किल्ली घेतलीस, बाजारातून पाइप आणलास आणि जुना फाटलेला पाइप तिला दाखवून कचऱ्यात टाकलास. तिला म्हणालास, ताई उद्या तुला घेऊन घाट उतरणार आहे, आणि हिला सांगितलं तर ही वॉरंटीचं कलम काढून बसेल.

बसलेच असते रे.

दुसऱ्या दिवशी आई तुझ्या टेम्पोत चढू शकत नव्हती, म्हणून माझ्या गाडीत होती आणि तू टेम्पो घेऊन मागे. अख्खा घाट तू माझ्या मागे राहिलास. रिकामा टेम्पो, मोकळा रस्ता, तरी पुढे जाईनास. पुढे जा म्हणून मी दोनदा हात दाखवला. नाही गेलास, तर मी आईला म्हटलं, बघ, एवढा ताठा, बहिणीला ओलांडून जायचं झालं तर तोंड दिसेल म्हणून मागे राहतोय. आई खिडकीबाहेर बघत बसली. तू रस्त्यावर पाण्याचा थेंब पडतोय का ते बघत येत होतास, हे मला काल कळलं. काल मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तुझ्या भावोजींना तेवढं मात्र ऐकू आलं.

आता मुद्द्याचं. टायवाल्यांनी मला एक फॉर्म दिला होता. काम मालकाच्या संमतीशिवाय झालं असेल तर तसं लिहायचं आणि करणाऱ्याचं नाव द्यायचं, मग कंपनी त्या माणसाला नोटीस पाठवते आणि पंप बदलून देते. ते मवाळपणे म्हणाले, बाई, लिहून टाका, खोटं थोडंच आहे? कागदावर बघितलं तर नव्हतंच खोटं. आज सकाळी मी फॉर्म भरून दिला. ‘संमती होती का’ यापुढे ‘होती’ लिहिलं आणि ‘काम करणाऱ्याशी नातं’ यापुढे ‘धाकटा भाऊ’. ते म्हणाले, मग पंप मिळणार नाही. म्हटलं, ठाऊक आहे. त्यांनी लेखी संमतीची प्रत मागितली, ती मात्र माझ्यापाशी नव्हती. म्हणून हे पत्र. दोन गल्ल्या चालून येऊन मी हे तोंडी सांगू शकले असते, पण तोंडीला किंमत नाही असं मीच तुला ऐकवलं होतं, तेव्हा लेखी घे. माझ्या गाडीला कधीही, मला न विचारता, हात लावायला तुला माझी संमती आहे, आणि त्या दुपारीही होती. त्या दुपारचीच तारीख घालावी असं फार मनात आलं. पण मागची तारीख टाकणं आमच्या कचेरीत बसत नाही, म्हणून वर आजची टाकली आहे. शनिवारी गाडी घेऊन येते. सरळ रस्त्याने, काचा खाली करून.

तुझीच,
ताई