शेवटच्या बांधीचं पाणी

९ नोव्हेंबर २०२४
आठ दिवस वही उघडली नाही. उशिराबद्दल माफी. सवडच झाली नाही.
उर्वशीची कविता छापून आली! माझी नात नर्स व्हायला जर्मनीला गेली, त्याला चौदा महिने झाले. तिकडच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात आली. सुनेच्या, मंदाबाईच्या मोबाइलवर फोटो आला. तीनदा वाचली. मग चष्मा पुसून चौथ्यांदा. तुडूम म्हणजे तळ्याचं पाणी सोडायचं दार, बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत — सगळे आमचेच शब्द!

तळं भरलं आहे, तुडूम बंद आहे.
मी शेवटच्या बांधीतलं धान.
पाणी सुटेल का?

१० नोव्हेंबर
आज टेकचंद गुरुजींनी पवनीच्या वाचनालयात ती वाचली. वर अर्थही सांगितला — "तळं म्हणजे तो श्रीमंत देश. तुडूम म्हणजे त्याचा दरवाजा. पोरगी तिथं वाळून राहिली." सगळे हळहळले.
मी उठलो. "गुरुजी, तुमी कधी तुडूम उघडलं का? मी बावीस वर्सं गावाचं पाणी सोडलं. आमच्या तळ्याचं पयलं पाणी शेवटच्या बांधीले जाते! वरच्यानं आधी घेतलं, तं खालच्याले काय उरते?"
ही रीत उर्वशीला ठाऊक. लहानपणी माझ्यासोबत तळ्याच्या पारीवर, बांधावर असायची. स्वतःला शेवटची बांधी म्हणते, म्हणजे पहिली पाळी तिचीच. आशेची कविता आहे ती!
गुरुजी म्हणाले, "मंग यादोरावजी, शेवटी प्रश्न काहून?"
"लाजून!" मी म्हणालो. लोक हसले. हसोत.

१२ नोव्हेंबर
खुशालच्या, उर्वशीच्या बापाच्या कानावर गेलंच. "बाबा, तुमच्या जिद्दीपायी गेली ते. मी बोलावून घेतो. साकोलीचं स्थळ अजून थांबून आहे."
तिला परत आणायचं नाव काढलंस तर जेवणार नाही, म्हणालो.
"तं तिलेच इचारा ना!"
कविता लिहिणाऱ्याला अर्थ विचारतात का? ठणकावलं त्याला.

१३ नोव्हेंबर
खरं सांगतो — विचारायची भीती वाटते.

१४ नोव्हेंबर
परत वाचली. 'भरलं आहे' असं लिहिलंय. आटलं, असं नाही लिहिलं! माझाच अर्थ खरा.
खुशालनं पुन्हा तेच काढलं, म्हणून ताट दोनदा परत पाठवलं. मंदाबाई दारात उभी — "मामाजी, आधी भात खा. अर्थ मंग सांगा."
नाही खाल्ला. हटणार नाही.

१५ नोव्हेंबर
मंदाबाईनं मला न सांगता उर्वशीला विचारलं. मग फोन माझ्या कानाला लावला.
"आबाजी, ते रीत आपल्या तळ्याची. इथं शेवटचा तो शेवटचाच. नर्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाली मी. गुरुजी बरोबर बोलले." मग म्हणाली, "तुमी गावभर माह्या नावानं भांडून राहिले. तुमाले कसं सांगू, मले घरी याचं आहे म्हणून?"

१६ नोव्हेंबर
जेवलो. खुशालला म्हणालो, मी चुकलो. पण साकोलीवाल्यांना नाही म्हणून कळव — पोरगी घरी येते आहे, लग्नाला नाही. गावाला जे बोलायचं ते माझ्या तोंडावर बोलू दे.
उर्वशी, कधी निघतेस? लवकर कळव बाई.